नापास सायलेन्सर

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.४०

गाडी नापास.

एवढं लिहून पंधरा मिनिटं पेन हातात धरून बसलो होतो.

तपासणी केंद्रात दोन तास रांग. माझ्यापुढे एक टेम्पो, त्याचं दार दोरीनं बांधलेलं. तो पास. मी नापास. तपासनीस पस्तिशीचा असेल, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावर कशाचंही काही नाही. त्यानं गाडीच्या पाइपात नळी खुपसली, पडद्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, बाजूला घ्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, रिपोर्टमध्ये आहे. मी म्हटलं, तोंडानं सांगा की. म्हणाला, पुढची गाडी.

माणसाशी वागायची ही रीत? मीही एकवीस वर्षं क्वालिटी तपासतोय. आमच्या कारखान्यात कुकरच्या, बॉयलरच्या, ओव्हनच्या दाराच्या रिंगा बनतात. माझ्या शिक्क्याशिवाय एक रिंग दाराबाहेर जात नाही. पण मी नापास करतो ते कारण असतं म्हणून. शिवाय रिंगेला उलट प्रश्न विचारता येत नाहीत.

रिपोर्ट: सायलेन्सरला गंजून भोकं. पाइपाच्या सांध्यातून गळती. धुरातले विषारी वायू मर्यादेच्या चौपट. काचेवर लाल स्टिकर चिकटवला, जेवणाच्या ताटाएवढा. एकवीस दिवसांत दुरुस्त करून आणा. तोवर गॅरेज आणि केंद्र सोडून गाडी कुठेही न्यायची नाही.

२९ तारखेला लेकीला सोडायला जायचंय. तिची पहिली नोकरी, दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात, फिजिओथेरपिस्ट म्हणून. सहा तासांचा रस्ता. तिनंच विचारलं होतं, बाबा, तुम्ही सोडाल का? आपणहून विचारलं. मी तेव्हा फक्त, बघू, म्हणालो. पण कॅलेंडरवर गोल केलाय.

संकल्प: आठवड्याच्या आत गाडी पास. त्याच चष्म्याच्या हातून.

४ मार्च

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे. गाडी वर उचलली, खाली उभं राहून सायलेन्सरला स्क्रू ड्रायव्हर टोचला. आरपार. म्हणाला, साहेब, हा सायलेन्सर नाही, गाळणी आहे. स्वतःच्याच विनोदावर हसला. मग म्हणाला, त्याच्या पुढचा धूर साफ करणारा डबा, कन्व्हर्टर, तोही मेलाय. विचारलं, कशानं मेला? म्हणाला, इंजिनाचे प्लग शेवटचे कधी बदलले?

मी हवामानाचा विषय काढला.

एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. माझा दीड महिन्याचा पगार. घडी घालून परत दिली. म्हणाला, ठेवा, लागेल. उर्मट.

प्लगचं म्हणाल तर, दोन वर्षांपूर्वी बदलायला सांगितले होते. कुणी? याच मिस्त्रीनं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात आधी शंका पेरून ठेवायची आणि दोन वर्षांनी येऊन कापणी करायची. केवढा लांबचा डाव!

५ मार्च

दुसरं गॅरेज. पार गावाच्या त्या टोकाला. दोष तेच, आकडा जवळपास तोच. मी सहज विचारलं, तुम्ही आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ओळखता? म्हणाला, नाही बुवा. काल मिस्त्रीही म्हणाला होता, त्या बाजूला माझं कुणी ओळखीचं नाही. दोघांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं. आणखी काय पुरावा हवा?

६ मार्च

ही म्हणाली, अहो, करून टाका ना. बाजूला ठेवलेत पैसे. म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाली, मग तत्त्व लावून बघा सायलेन्सरला, भोक बुजतंय का.

हिची जीभ हल्ली भावाच्या वळणावर चाललीय. भाऊ म्हणजे माझा मेहुणा. सात सीटची नवी गाडी. संध्याकाळी त्याचा फोन. भाऊजी, कशाला त्रास घेता, मी सोडतो की भाचीला, गाणी ऐकत ऐकत जाऊ. गाणी! सहा तास लेक शेजारी बसणार आणि हा गाणी लावणार. त्याला म्हटलं, आमची सोय आमच्याकडे आहे.

मी गाणी लावणार नाही. तिला नोकरीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. काढायला बसलो तर सतरा निघाल्या. वेळेवर जाणे, सही करण्याआधी वाचणे, वरिष्ठांशी हसून बोलणे पण जास्त नाही, इत्यादी. शेवटची, अठरावी, अजून नीट शब्दांत बसत नाही. गाडीत बसली की बसेल.

८ मार्च, शनिवार

स्वतःच दुरुस्ती करायची. दुकानातून सायलेन्सरला गुंडाळायची पट्टी आणि भोकं बुजवायचं लुकण आणलं. चारही बाजूंनी सूचना छापलेल्या आहेत, मला वाचायची गरज पडली नाही.

गाडीखाली पाठीवर पडून दीड तास. गंज डोळ्यांत. लेक टॉर्च धरायला आली. बोलावलं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटं बरं चाललं होतं. तिनं विचारलं, बाबा, हा पाइप कुठून कुठे जातो? मी सांगितलं. मग टॉर्च जरा हलला. म्हटलं, सरळ धर. धरला. म्हटलं, सरळ म्हणजे सरळ, आता उजेड तुझ्याच चपलेवर पडतोय, रुग्णाचा पाय असा धरशील का?

टॉर्च जमिनीवर ठेवून गेली. ठेवताना मात्र कोन अचूक होता.

हल्ली जरा तुटक असते. मध्यंतरी नेमणुकीचं पत्र दाखवायला आली होती, तेव्हापासून. त्या पत्रात तारीख दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेली होती आणि खालची सही रेघेच्या बाहेर. मी लाल पेनानं खुणा करून दिल्या. हॉस्पिटलच्या चुका, तिच्या नव्हेत. तरी गप्प झाली. वय असतं.

९ मार्च

पट्टी सुटली. रस्त्याच्या मध्यावर. मागून येणारा सायकलवाला ती हातात घेऊन पळत आला, म्हणाला, काका, तुमच्या गाडीचं बँडेज.

काका!

११ मार्च

तपासणी केंद्राच्या प्रमुखांना पत्र. चार पानं. मुद्दे: टेम्पोचं दार. तपासनिसाचं मौन. त्याचा चष्मा (नाकाच्या टोकावर असेल तर पडद्यावरचा आकडा दिसतो कसा?). कारखान्यात माझ्या हाताखालच्या बाईंना वाचायला दिलं. वाचून म्हणाल्या, साहेब, तुम्ही परवा आमचा अख्खा लॉट परत पाठवलात तेव्हा आम्हीही असंच लिहायला बसलो होतो. किती पानं? विचारलं. म्हणाल्या, सहा. मग फाडलं.

का फाडलं ते विचारलं नाही. लॉट खराबच होता.

१३ मार्च, गुरुवार

सुचलं!

गळती कुठे आहे? सांध्यात. सांध्यात काय हवं? रिंग. रिंगेत या गावात माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? ओव्हनच्या दाराची सिलिकॉन रिंग, अडीचशे अंशांपर्यंत हमी, माझ्या स्वतःच्या तपासणीतली. दोन मिस्त्री, एक तपासनीस, तिघांना जे सुचलं नाही ते मला सिलिकॉनच्या टेबलाशी उभ्या उभ्या सुचलं. रीतसर पावती करून दोन नग घेतले. कन्व्हर्टरचं म्हणाल तर गळती थांबली की धूर आपोआप सुधारणार. पाणी गळणारी टाकी बुजवली की नळाला धार येते, तसंच.

१५ मार्च, शनिवार

बसवली. भोकांवर लुकणाचे तीन थर. गाडी सुरू केली. शांत! शेजारीण गॅलरीत आली आणि म्हणाली, आज चालू नाही का होत? याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

लेकीला खाली बोलावलं. आली. ऐकलं. म्हणाली, छान झालंय, बाबा. मग विचारलं, नक्की ना २९ला? म्हणजे नसेल तर मी आधी दुसरी सोय करते, मला तिथे उशीर करून चालणार नाही.

म्हटलं, तुझ्या बापाने आजवर तारीख चुकवली आहे का?

ती म्हणाली, नाही. मग जराशानं म्हणाली, तारीख नाही चुकवली.

म्हणजे मान्य.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ३

काय झालं ते शांतपणे लिहितो.

चष्माच होता. मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. इंजिन चालू ठेवायला सांगितलं. तापवून मग मोजतात. तीन मिनिटं काही नाही. चौथ्या मिनिटाला गाडीखालून पांढरा धूर. आधी वाटलं मागच्या गाडीचा. मग वास. चपला जळाल्यासारखा, पण शंभर चपला. बाजूच्या रांगेतले लोक नाकाला रुमाल लावून बाहेर. कुणीतरी घंटा वाजवली. मी आतच बसलो होतो, कारण कुणी उतरा म्हटलं नव्हतं.

चष्म्यानं लांब चिमट्यानं खालून काहीतरी ओढून काढलं. अर्धी जळालेली रिंग. न जळालेल्या अर्ध्यावर माझा शिक्का. त्यानं चष्मा वर सरकवला (म्हणजे सरकतो) आणि मोठ्यानं वाचलं, तपासलं, योग्य, तपासनीस क्रमांक सात. मग सगळ्यांकडे बघत म्हणाला, हा कोण दिवटा?

मी म्हणालो, कल्पना नाही.

म्हणाला, धुराच्या पाइपात सहाशे अंश असतात, काका. यात ओव्हनची रिंग घालणारा माणूस कुठेतरी क्वालिटीत आहे, विचार करा.

यालाही काका व्हायचंय.

नापास. चार पानी पत्र खिशातच होतं. द्यायचं राहिलं.

२१ मार्च

मिस्त्रीकडे. तो काही बोलला नाही. अजिबात नाही. त्यानं टोमणा मारला असता तर मी निघून आलो असतो, म्हणून मुद्दाम मारला नाही. हा त्याचा डाव. फक्त नाक फेंदारून वास घेतला आणि म्हणाला, चिठ्ठी आहे का घरी?

म्हटलं, तुम्ही पुन्हा लिहा.

सायलेन्सर, पाइप, कन्व्हर्टर, प्लग. सगळं नवं. माल २६ला येतो, २७ला बसवतो, २८ला पास करून आणतो, म्हणाला. एकवीस दिवस २४लाच संपतात, म्हणजे तपासणीची फी पुन्हा भरायची. ठीक. माझा निर्णय आहे. कुणी भाग पाडलेलं नाही.

ही म्हणाली, झालं एकदाचं. लेकीनं जेवताना मला आणखी एक पोळी वाढली.

२६ मार्च, बुधवार

माल आला. मिस्त्रीनं फोन केला, मी अर्धी रजा टाकून गेलो. पैसे द्यायचे तर तपासून घेणार, हा माझा हक्क आहे. प्रत्येक नग उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून, सावकाश फिरवला. प्लग ठीक. कन्व्हर्टर ठीक. पाइप ठीक. सायलेन्सरच्या कडेला, जिथे दोन तबकड्या जुळतात तिथे, रंगावर ओरखडा. नखाएवढा. आणि एका बोल्टच्या भोकाचा काठ किंचित खडबडीत.

म्हटलं, परत पाठवा.

मिस्त्री म्हणाला, साहेब, हा गाडीच्या पोटाखाली जाणार. तिथे कोण बघायला जाणार आहे? म्हटलं, मला माहीत आहे ना, तेवढं पुरे. म्हणाला, यानं धुरात काडीचा फरक पडत नाही. म्हटलं, सवयीत पडतो. म्हणाला, तुम्हाला २९ला पोरीला न्यायचंय म्हणाला होतात. म्हटलं, म्हणून काय वाटेल तो माल घेऊ?

त्यानं सायलेन्सर पुन्हा खोक्यात घातला.

आज बऱ्याच दिवसांनी स्वतःचा अभिमान वाटला. माणसं इथेच ढिली पडतात, घाईच्या वेळी.

२७ मार्च

बदली माल सोमवारी. सोमवार म्हणजे ३१.

मिस्त्रीला म्हटलं, काहीतरी करा. म्हणाला, काय करू? म्हटलं, तो आधीचाच बसवा. म्हणाला, तो काल संध्याकाळच्या गाडीनं परत गेला, तुम्हीच समोर उभं राहून चढवायला लावलात.

बेजबाबदार माणूस. गिऱ्हाइक तापलं असताना एक दिवस थांबायला काय झालं होतं?

२८ मार्च, शुक्रवार

घरी सांगितलं. पुरवठादाराचा घोटाळा, असं म्हणालो. तपशिलात गेलो नाही.

लेक म्हणाली, बरं. लगेच म्हणाली. चिडली नाही, काही नाही. फोन उचलून मामाला म्हणाली, मामा, उद्या साडेसहाला चालेल ना? म्हणजे विचारणं आधीच होऊन गेलेलं होतं. हिला विचारलं, कधी ठरलं? म्हणाली, ११ तारखेला. अहो, तिनं फक्त तुमच्यासाठी वाट पाहिली.

११ तारखेला मी चार पानी पत्र लिहीत होतो. माझ्या पाठीमागे हे चाललं होतं.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ७.१५

गेली.

मेहुण्याच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी. सांगितलं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, सकाळी भरलीय. मी वाकून दाबून दाखवलं. लेक म्हणाली, बाबा, पुरे ना आता. मग जवळ आली. काहीतरी म्हणेल असं वाटलं, मीही तयारीत होतो. तिनं माझ्या शर्टाच्या बाहीला लागलेली धूळ झटकली आणि गाडीत बसली.

पुढच्या सीटवर.

गाणी सुरू झाली ती कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती.

२ एप्रिल, बुधवार

पास! लाल स्टिकर काढला, हिरवा लावला. चष्मा म्हणाला, आता काम उत्तम झालंय. मी म्हणालो, तुम्ही तोंडानं सांगायला शिकलात. त्याला कळलं नाही.

मिस्त्रीकडचा नवा सायलेन्सर बसवण्याआधी पाहिला नाही. डोळे दुखत होते.

लेकीचा हिला रोज फोन येतो. मी शेजारीच असतो. शेवटी ही म्हणते, बाबांशी बोलतेस? मग माझ्याशी बोलते. कसे आहात? बरा आहे. गाडी? पास. वा. ठेवू?

संकल्प: रविवारी अचानक जाणे. तिला आनंद होईल. कळवायचं नाही.

६ एप्रिल, रविवार. दुपारी ३.५०. गाडीत

पहाटे सहाला निघालो, बाराला पोचलो. ही येते म्हणाली होती, पण म्हटलं, मला तिच्याशी थोडं बोलायचंय. हिनं दाराशी डबा हातात दिला आणि माझी कॉलर सरळ केली.

वाटेत सराव म्हणून मुद्दे मोठ्यानं म्हणून पाहिले. सतरा मुद्दे तासाभरात संपले. मी समजत होतो त्यांना सहा तास पुरणार नाहीत. अठरावा म्हणून पाहिला नाही.

नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल. फाटकाशी खुर्ची टाकून पहारेकरी. साठीचा. त्याच्यापुढे वही: नाव, कुणाकडे, नातं, येण्याचं कारण, आत, बाहेर. मी भरली. त्यानं वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, रविवारी तपासणी होत नाही. ऑफिसचं पत्र लागतं. म्हटलं, कसली तपासणी? त्यानं वही फिरवली. कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात तपासणी. एकवीस वर्षं जिथे जातो तिथे तेच लिहितो, हात आपोआप जातो. ते खोडून भेट असं लिहिलं. तो म्हणाला, मग असं म्हणा की. फोन लावा, येतील खाली.

फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. बाबा? काय झालं? आई बरी आहे ना? म्हटलं, सगळे बरे आहेत, मी इकडे आलो होतो. इकडे कुठे? म्हटलं, फाटकाशी. म्हणाली, अहो बाबा, आधी सांगायचं ना, मी मैत्रिणींबरोबर बाहेर आलेय, लांब आहोत, दोन तास तरी लागतील. थांबाल? की मी आत्ता निघू?

म्हटलं, छे छे, मी कारखान्याच्या कामाला आलो होतो, वाटेत डोकावलो. निघालोच. म्हणाली, रविवारी काम? म्हटलं, हो. म्हणाली, डबा आणलाय का आईनं दिलेला? म्हटलं, नाही.

का नाही म्हटलं कुणास ठाऊक. शेजारच्या सीटवरच होता.

मग निघालो नाही. समोर झाडाखाली गाडी लावून बसलो. इंजिन थंड व्हावं म्हणून. इंजिन अर्ध्या तासात थंड झालं.

तीनच्या सुमारास आली. चालत, दोन मुलींबरोबर, कागदात काहीतरी खात. मी सीटवर खाली सरकलो, कारण मी निघून गेलेला होतो. काच थोडी उघडी होती. ती कुणाची तरी नक्कल करत होती. तो कागद उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, सावकाश फिरवला, मग मान हलवून म्हणाली, परत पाठवा. दोघी हसून हसून वाकल्या. तीही हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, नका गं हसू, आज आले होते बिचारे, मी नव्हते.

हॉस्पिटलातले कुणी वरिष्ठ असावेत.

आत गेल्या. मी आणखी वीस मिनिटं तसाच. मान अवघडली. मग पहारेकऱ्यानं येऊन काचेवर टकटक केली. म्हणाला, अहो, त्या आल्या की आत! बोलावू का? म्हटलं, नको, उशीर झालाय. डबा त्याच्या हातात दिला, म्हटलं, वर द्या. कुणी दिला म्हणून सांगू? म्हटलं, घरून आलाय.

तो वही घेऊनच आला होता. म्हणाला, तुमची बाहेर जाण्याची वेळ भरायची राहिलीय. मग त्याच्याच लक्षात आलं. म्हणाला, पण तुम्ही आत गेलाच नाहीत. मग नोंद खोडायला हवी.

म्हटलं, खोडा.

नाव, कुणाकडे, नातं, कारण. सगळ्यावरून त्यानं एकच रेघ मारली. खिशातून पट्टी काढून, धरून मारली. अगदी सरळ आली.